सस्पेंडला काय म्हणायचं? निलंबन, झोप की तहकूब (लिनक्स लॅपटॉपच्या बॅटरीवरून)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नांदेडकडे एका शाळेत शिकवते, आमच्याकडे देणगीत आलेले सात जुने लॅपटॉप आहेत आणि त्यावर मुलांसाठी उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय. बॅटऱ्या थकलेल्या, लाईटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी वाचवायच्या सेटिंगचं एक पान मराठीत लिहून भिंतीवर लावायचं ठरवलं आणि सस्पेंड, हायबरनेट या दोन शब्दांपाशीच अडकलेय. जुन्या पानावर सस्पेंडला "निलंबित करा" असं लिहिलेलं होतं, आठवीतल्या मुलीने विचारलं की मॅडम, लॅपटॉपने काय गुन्हा केला? तिचं बरोबरच आहे, निलंबन म्हणजे तलाठी नाहीतर ग्रामसेवक, हेच तिने ऐकलंय.
नुसतं "झोप" लिहिलं तर वेगळीच पंचाईत. एका मुलाने शनिवारी निबंध अर्धा टाईप करून, सेव्ह न करता झाकण लावलं, सोमवारी उघडतो तर बॅटरीने मान टाकलेली आणि निबंध गेला. झोपलाय म्हणजे वीज कशाला खाईल असं त्याला वाटलं होतं. दिवसभर गप्प बसून होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, शब्द असा हवा की त्या अवस्थेत वीज चालू आहे का आणि काम कुठे ठेवलंय, हे शब्दावरूनच कळेल.

सांगलीकर:
ताई, "तहकूब" घ्या. सभा तहकूब होते म्हणजे विषय संपलेला नसतो, खुर्च्या तशाच, कागद टेबलावर तसेच, परत बसलं की जिथे थांबलो तिथून पुढे चालू. सस्पेंडमध्ये अगदी हेच होतं, प्रोसेसर, स्क्रीन, डिस्क सगळं थांबतं पण रॅममध्ये काम जसंच्या तसं पडलेलं असतं आणि ते धरून ठेवायला रॅमला थोडी थोडी वीज लागतच राहते. म्हणजे हॉल सोडलेला नाही, भाडं चालूच आहे. हायबरनेट म्हणजे इतिवृत्त लिहून कपाटात ठेवलं, दिवे घालवले, कुलूप लावलं, कारण तिथे रॅममधलं सगळं डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत लिहून मशीन पूर्ण बंद होतं. बॅटरी काढून ठेवलीत तरी काम जात नाही.
आणि रिझ्यूमला आपोआप शब्द मिळतो, "पुढे चालू".

परसबाग:
काका, तहकूब शब्द सुंदर आहे पण आठवीच्या मुलांनी ग्रामसभा कुठे बघितलीय? मला झोपेचंच कुटुंब जास्त जवळचं वाटतं, फक्त एकाच शब्दावर भागवू नका, मराठीत झोपेला किती शब्द आहेत, डुलकी, पेंग, साखरझोप, गाढ झोप. लिनक्समध्येसुद्धा हा फरक खरंच आहे बरं का. सिस फोल्डरमधल्या पॉवरमध्ये मेम-स्लीप नावाची फाईल असते ती उघडून बघा, बऱ्याच मशीनवर दोन शब्द दिसतात, एस-टू-आयडल आणि डीप, आणि जो चालू असेल तो चौकटी कंसात. डीप म्हणजे गाढ झोप, फक्त रॅम जागी. एस-टू-आयडल म्हणजे डुलकी, प्रोसेसरला वीज असते, तो नुसता रिकामा बसवलेला असतो आणि एखादं डिव्हाईस नीट झोपलं नाही तर बॅटरी भराभर उतरते. नव्या बऱ्याच लॅपटॉपवर कंपन्यांनी गाढ झोपेची सोयच काढून टाकलीय आणि फक्त डुलकी ठेवलीय, मग बॅगेतून काढलेला लॅपटॉप गरम का लागतो म्हणून लोक हैराण. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, इथे तो जागाच असतो आणि आपण झोपलाय समजून चालतो.
त्या मुलाच्या लॅपटॉपवर कुठला शब्द कंसात आहे ते आधी बघा. एस-टू-आयडल असेल आणि शेजारी डीपही दिसत असेल तर बदलता येतं.
हायबरनेटला मी "समाधी" म्हणेन.

सांगलीकर:
समाधीला माझा विरोध. आपल्याकडे समाधी म्हटलं की आळंदी आठवते, तिथून परत यायचं नसतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात बेडूक शीतसमाधी घ्यायचा हे खरं, आता शीतनिद्रा म्हणतात, तो चालेल.

गोदाकाठ:
शीतनिद्रेतली "शीत" आमच्याकडे लागू पडत नाही हो, इथला बेडूक जास्त करून उन्हाळ्यात चिखलाखाली जातो आणि पहिल्या पावसाला वर येतो, हे प्रत्येक पोराने डोळ्याने बघितलंय. आज वर्गात दोन्ही अवस्था समजावल्या आणि शब्द सुचवा म्हटलं तर एकजण म्हणाला "बेडूकझोप". काही खात नाही, पीत नाही, पण मेलेला नाही. मला इतका आवडला की मी फळ्यावरच लिहून टाकला.

परसबाग:
बेडूकझोप!! ठरलं. फक्त एक खबरदारी, उबंटूत हायबरनेट आपोआप चालू नसतं. स्वॅप साधारण रॅमएवढा हवा, बूटच्या वेळी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, रिझ्यूमची जागा सांगावी लागते आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल बहुतेक वेळा नाहीच म्हणतं. हे केल्याशिवाय भिंतीवर लिहू नका, नाहीतर मुलं बटण शोधत बसतील. जमलं तर "सस्पेंड-देन-हायबरनेट" लावा, आधी गाढ झोप आणि ठरलेल्या वेळानंतर आपोआप बेडूकझोप, शनिवारच्या झाकणावर खरा उपाय तोच.

हर्णैचा:
मध्येच शिरतो. सीपीयू गव्हर्नरला, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या सेटिंगला, काय लिहिताय? राज्यपाल लिहू नका एवढीच विनंती. हा गव्हर्नर इंजिनावरचा आहे, वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गरगरणारे गोळे लावून वेग आवरला तो, आमच्या डिझेल मेकॅनिकच्या तोंडात तो शब्द आजही आहे. मुळात ग्रीकमध्ये अर्थ सुकाणू धरणं, कुबरनेटीस या सॉफ्टवेअरचं नावही त्याच घरातलं. आमच्याकडे होडीवर सुकाणू ज्याच्या शब्दावर फिरतं तो तांडेल. किती जोरात जायचं, कधी सावकाश घ्यायचं, तो ठरवतो. "तांडेल" लिहा.

सांगलीकर:
तांडेल देशावर कळणार नाही, "कारभारी" कळेल, पण अर्थ दोन्हीत नेमका आहे. खरा गोंधळ त्याच्या पुढच्या शब्दात आहे, "पॉवरसेव्ह". साध्या ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह म्हणजे प्रोसेसर सगळ्यात खालच्या वेगाला बांधून टाकणं, काम कितीही असो. पण इंटेल पी-स्टेट हा इंटेल प्रोसेसरचा ड्रायव्हर स्वतः वेग सांभाळत असेल तर तिथे पॉवरसेव्ह म्हणजे कामाप्रमाणे वेग खालीवर करणं, आणि लोक उगाच घाबरून परफॉर्मन्सवर नेऊन ठेवतात. एकाच शब्दाला दोन मराठी शब्द लागतील, पहिल्याला "उपास", दुसऱ्याला "काटकसर". उपासात भूक लागली तरी खायचं नाही, काटकसरीत लागेल तेवढंच खायचं.

परसबाग:
आणि स्क्रीनच्या डिमला "मंद करा" कशाला, घरात आपण गॅस बारीक कर, पंखा बारीक कर, कंदिलाची वात बारीक कर असंच म्हणतो ना. "स्क्रीन बारीक करा" म्हटलं तर मात्र आकार कमी करायचा वाटेल, म्हणून "उजेड बारीक करा".

गोदाकाठ:
उजेड बारीक करा, घेतलं. गव्हर्नरला कारभारी लिहिते, हर्णैच्या दादांनी रागावू नये, खाली तांडेलची गोष्ट दोन ओळीत देते. आज तपासलं, सातपैकी पाच लॅपटॉपवर डीप कंसात आहे, त्या मुलाचा त्या पाचातलाच निघाला, म्हणजे गाढ झोपेतही दोन दिवसांत जुनी बॅटरी संपली. म्हणून पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात जाईल: "गाढ झोप वीज खाते. आधी सेव्ह करा." उरलेले दोन डुलकीवाले, त्यांना झाकणावर वेगळी चिठ्ठी चिकटवतेय.
एक शब्द अजून राहिलाय. टीएलपी या बॅटरी वाचवायच्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ७५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू आणि ८० ला बंद असं ठेवता येतं, ज्या मॉडेलला सोय आहे त्याला, आमच्यातल्या तिघांना आहे. याला थ्रेशोल्ड म्हणतात, कुणी उंबरठा सुचवलं तर कुणी मर्यादा. आमच्या शिपाईमामांनी विचारलं, शेताची असते तशी हद्द का? मी "खालची हद्द ७५, वरची हद्द ८०" लिहिलंय. कुणाला खटकत असेल तर उद्या सकाळी नऊच्या आत सांगा, लॅमिनेशनला द्यायचंय.