टीआय-५९ सारख्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्राम साठवला कसा जायचा?

कुतूहल७७: टीआय-५९ बद्दल वाचतोय, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, १९७७ चा. ना एबीसीडी टाइप करायची सोय ना अक्षरं दाखवणारा स्क्रीन, मग प्रोग्राम लिहायचे कसे? आणि मेमरीत नेमकं काय जायचं?

बटणबहाद्दर: भाषा वगैरे काही नाही हो, दाबलेली बटणंच मेमरीत जायची. एलआरएन (म्हणजे लर्न) बटण दाबलं की हिशोब बंद, नोंद सुरू. प्रत्येक बटणाचा दोन आकडी कोड, आधी ओळ मग रकाना, म्हणजे एसटीओ (स्टोअर, संख्या साठवायचं बटण) चौथ्या ओळीत दुसरं म्हणून ४२, आणि सेकंड (2nd) बटण दाबून मिळणारं दुसरं फंक्शन असेल तर रकान्यात ५ मिळवायचे, पाय हे ३ च्या बटणावर, आठवी ओळ चौथा रकाना, म्हणून ८९. अंकांना मात्र सरळ ०० ते ०९. वर्तुळाचं क्षेत्रफळ बघा:

७६ ११ ३३ ६५ ८९ ९५ ९१

लेबल (प्रोग्रामच्या जागेला दिलेलं नाव), ए (त्या नावाचं बटण), वर्ग, गुणिले, पाय, बरोबर, थांब. झाला प्रोग्राम! त्रिज्या टाकून ए दाबायचं. तपासताना स्क्रीनवर फक्त स्टेप नंबर (मेमरीतली एकेका कोडची जागा) आणि कोड, चूक शोधायची तर आकडे वाचत बसा.

स्टेपमोज्या: पण नुसतं रेकॉर्डिंग समजू नका, खरी गंमत ६७ या कोडमध्ये आहे. स्क्रीनवरची संख्या टी रजिस्टरमधल्या (रजिस्टर म्हणजे एक संख्या ठेवायची जागा) संख्येएवढी असेल तर दुसरीकडे उडी, नाहीतर पुढची स्टेप, त्यामुळे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, जमतात. उडी लेबलवर मारली तर बिचारा ००० पासून लेबल शोधत येतो, म्हणून घाई असलेले लोक थेट स्टेप नंबर द्यायचे. आणि प्रोग्रामला व संख्यांना मेमरी एकच, एक रजिस्टर म्हणजे ८ स्टेप, सुरुवातीला ४८० स्टेप आणि ६० रजिस्टर, ओपी १७ या आज्ञेने वाटणी बदलायची.

कुतूहल७७: भारी. आणि बंद केल्यावर?

बटणबहाद्दर: सगळं साफ. म्हणून तर मॅग्नेटिक कार्ड, खाचेत सरकवलं की मोटर ओढून घेते, एका बाजूवर २४० स्टेप. ह्युलेट-पॅकार्डच्या १९७४ च्या एचपी-६५ मध्येही कार्डच होतं, प्रोग्रामला १०० स्टेप. एचपी-२५ ला तेही नाही, ४९ स्टेप दर वेळी नव्याने बडवा, मग १९७६ मध्ये २५सी आला, तो बंद केला तरी प्रोग्राम टिकायचा.