व्हिसा 10 वर्षांचा आहे मग आय-94 काय भानगड आहे? आणि प्रायॉरिटी डेट?

कोपरी_ईस्ट:
आईबाबा दिवाळी झाली की ताईकडे न्यूजर्सीला चाललेत. अमेरिकेचा बी-1/बी-2 (भेटीला-फिरायला जायचा) व्हिसा आलाय, 10 वर्षांचा. बाबांचं म्हणणं आठ-नऊ महिने आरामात राहून येऊ, ताई म्हणते तसं नसतं, आय-94 वरची तारीख बघावी लागते. जिजूंचं अजून वेगळंच, आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अप्रूव्ह झालंय पण प्रायॉरिटी डेट करंट नाही म्हणे, त्यामुळे आईला वाटतंय त्यांना परत पाठवणार. नौपाड्यातल्या एजंटला विचारलं तर म्हणतो टेन्शन नका घेऊ, मधे कॅनडाला जाऊन या, नवे सहा महिने मिळतात. कोणी नीट सांगेल का प्लीज

ऐरोलीकर:
ताई बरोबर सांगतेय. व्हिसा तिथल्या एअरपोर्टपर्यंत जायला, पुढे किती राहायचं ते इमिग्रेशनचा ऑफिसर ठरवतो आणि तीच तारीख आय-94 वर, म्हणजे एन्ट्रीच्या नोंदीवर येते, बी-2 ला बहुतेक सहा महिने देतात. विमानाने गेलं की कागद हातात देत नाहीत, सीबीपीच्या (तिकडचं कस्टम्स-बॉर्डर खातं) साइटवर पासपोर्ट नंबर टाकून काढायचं, तर उतरल्यावर लगेच ताईला काढायला सांग आणि 'अ‍ॅडमिट अनटिल डेट' नीट वाचा, तिकडे महिना आधी लिहितात, 05/11 म्हणजे 11 मे, 5 नोव्हेंबर नाही!! त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिले तरी हा 10 वर्षांचा व्हिसा बाद. 180 दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे करून निघाले तर 3 वर्षं एन्ट्री बंद, एक वर्ष किंवा जास्त झालं तर 10 वर्षं. खरंच जास्त राहायचं असेल तर तारीख संपायच्या आत आय-539 (मुदत वाढवायचा फॉर्म) भरायचा.

आणि बाबांचा पासपोर्ट कधी संपतोय बघ, लवकर संपत असेल तर आय-94 पण तेवढंच मिळू शकतं. वागळे इस्टेटला जाऊन आधीच रिन्यू करा, जुन्यातला व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे.

घोडबंदर_रोड:
आईंना सांग जिजूंची काळजी करू नका. प्रायॉरिटी डेट म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली त्यांची तारीख, कंपनीने पर्म (तिकडच्या लेबर खात्याकडचा अर्ज) फाइल केलं तो दिवस. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन येतं, त्यातली तारीख त्यांच्या तारखेच्या पुढे गेली की करंट. एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण 7 टक्केच मिळतात आणि देश जन्मावरून धरतात म्हणून आपल्या लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, मुलं तिकडेच शाळा-कॉलेज संपवतात तरी आईवडील रांगेतच, वाईट वाटतं खरंच. पण आय-140 अप्रूव्ह असलं की एच-1बी (नोकरीचा व्हिसा) सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षं वाढवता येतो. ताई एच-4 (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असेल तर तिला कामासाठी ईएडी (वर्क परमिट) पण मागता येतं.

कोपरी_ईस्ट:
खूप खूप थँक्यू दोघांना 🙏 बाबांना वाचून दाखवलं, रिटर्न तिकीट एप्रिलचं काढतोय. ते कॅनडाचं तेवढं सांगा ना

ऐरोलीकर:
त्या भरवशावर अजिबात राहू नका. 30 दिवसांच्या आत परत आलं तर साधारण जुनंच आय-94 चालू राहतं, आणि कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो तो खर्च वेगळाच.