मदत हवी आहे: ट्रेनिंग होऊनही माणसं फसतात, आणि फसल्यावर सांगत नाहीत

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी आयटी सांभाळतो. सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग दर वर्षी होतं, एचआर हजेरीच्या सह्या घेतं, ऑडिटला तो कागद दाखवला जातो.

गेल्या महिन्यात अकाउंट्समधल्या एका ताईंनी जीएसटी नोटिशीच्या नावाने आलेल्या मेलमधली फाइल उघडली. काहीतरी चुकलंय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. मला कळलं दुसऱ्या दिवशी, त्यांच्या मेलबॉक्समधून व्हेंडर लोकांना मेल जायला लागले तेव्हा. का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "स्टोअर्सच्या मुलाचं नाव बोर्डावर लावलं होतं ना सर!" आमच्याकडे फिशिंगची चाचणी (मुद्दाम खोटा मेल पाठवून कोण फसतं ते बघायची) झाली की फसलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते. माझा याला पहिल्यापासून विरोध आहे, पण "लाज वाटली तरच शिकतील" असं वरून उत्तर येतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावी लागते. माणूस घाबरून रात्रभर गप्प बसला तर तोवर किती नुकसान झालेलं असेल, विचार करा. सीरमचं 2022 चं प्रकरण तर आपल्या पुण्यातलंच. मालकांच्या नावाने व्हॉट्सॲपवर मेसेज आला आणि एक कोटीहून जास्त रक्कम गेली. साहेबांना उलट फोन करून "हे तुम्हीच पाठवलंय का?" असं विचारायची आपल्याकडे किती जणांची छाती होते?

दुसरी अडचण शॉप फ्लोअरची. डिस्पॅचच्या एकाच पीसीवर तिन्ही शिफ्टचे लोक ईआरपीला (कंपनीच्या स्टॉक-बिलिंगच्या सॉफ्टवेअरला) एकाच लॉगिनने काम करतात. पासवर्ड दर 45 दिवसांनी बदलतो, म्हणून तो मॉनिटरच्या खाली टेपवर लिहिलेला असतो. गाडी गेटवर उभी असताना चलन काढायचं असतं, त्यांना मी दोष देत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 पासून आणि मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती सोडली, तरी आमच्या ऑडिटच्या यादीत ती आहेच.

शिवाय सीएमएम मशीनचा (पार्टची मापं तपासणारं मशीन) पीसी अजून विंडोज 7 वर आहे. त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, आणि मशीनवाल्यांचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. नेटवर्कमधून काढला, तर रिपोर्ट पेन ड्राइव्हवर फिरायला लागले.

बोर्डावरची यादी बंद करायला मालकांना कसं पटवू? आणि शेअर्ड लॉगिनचं तुम्ही काय केलंत?

जुना_नेटवर्कवाला: सीएमएमचा पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात टाका. तिथून फक्त एका शेअर्ड फोल्डरची वाट उघडी ठेवा, इंटरनेट पूर्ण बंद. आम्ही हेच केलं आणि पेन ड्राइव्हची गरज उरली नाही. पासवर्ड लांब ठेवा, मुदत काढा, आणि ऑडिटरला एनआयएसटीचं ते पान छापून द्या. आमच्या ऑडिटरने मान्य केलं.

चाकणची_ऑडिटर: यादीबद्दल मालकांशी नैतिकतेच्या भाषेत बोलू नका. ताईंनी त्याच मिनिटाला फोन केला असता तर काय वाचलं असतं, त्याचा तासांचा हिशोब मांडा. चाचणीत किती फसले यापेक्षा किती जणांनी कळवलं आणि किती वेळात, हा आकडा दर महिन्याला त्यांच्यासमोर ठेवा. आणि एक काम मालकांनाच करायला सांगा. सगळ्यांसमोर म्हणू दे, "माझ्या नावाने पैशाचा मेसेज आला तर मला फोन करा, मी रागावणार नाही." व्हेंडरचं बँक खातं बदलायचा मेल आला तर मेलमधल्या नंबरवर नको, जुन्या पीओवरच्या (खरेदीच्या ऑर्डरवरच्या) नंबरवर फोन करायचा. हे ट्रेनिंगमध्ये सांगून भागणार नाही, पेमेंटच्या एसओपीतच, म्हणजे लेखी कार्यपद्धतीतच घाला.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. तासांचा हिशोब आजच मांडायला घेतो. आमच्या हजेरीच्या आरएफआयडी कार्डावरच विंडोजचं लॉगिन द्यावं, असा विचार आहे, म्हणजे पासवर्ड टाइप करायलाच नको. शिफ्टच्या गर्दीत हे कुणी चालवून पाहिलंय का? हाताला ऑइल असताना रीडर टिकतात का, आणि कार्ड घरी विसरणाऱ्याचं काय करता?