कुंद्याच्या डब्यांवर कॅमेरा बसवलाय, टॉलरन्स किती ठेवायचा?

उद्यमबाग_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. आमच्याकडं कुंदा पॅकिंगची लाईन हाय, पाव किलोचे प्लास्टिकचे डबे, झाकणावर चौकोनी लेबल. मालकांनी कॅमेरा बसवून घेतला, लेबल तिरकं हाय का, झाकण बसलंय का आणि तारीख छापली का एवढं बघायला. बसवणारा माणूस लेबलला टॉलरन्स, म्हणजे ठरल्या जागेपासनं किती सरकलं तर चालल ते, प्लस मायनस ०.५ मिमी टाकून गेला तो गेलाच, आता फोन उचलत नाही. झालंय काय की चांगले डबे पण रिजेक्टच्या ट्रेमधी पडालेत, पोरं तेच उचलून परत बेल्टवर ठेवतात आणि दुसऱ्या खेपेला तोच डबा पास! सुपरवायझर म्हणतात २ मिमी कर आणि मोकळा हो. गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात, काय करू ओ?

काकती_०७
२ मिमी करा की राव, कुंदा खाणारा काय पट्टी घेऊन बसतोय का

निपाणी_क्यूसी
दादा, तोच डबा आधी फेल मग पास, खरी गोम इथंच हाय. आकड्याला हात लावू नका अजून. एक डबा घ्या, २५-३० वेळा बेल्टवरनं सोडा आणि कॅमेरा दर वेळी काय माप सांगतो ते लिहून काढा. डबा तोच, लेबल तेच, तरी माप हललं तर ती हालचाल तुमच्या कॅमेऱ्याची नाहीतर बेल्टची. व्हर्नियरला गेज आर अँड आर (मोजायच्या साधनामुळं आणि मोजणाऱ्यामुळं माप किती हलतं ती तपासणी) करतो तोच हिशोब इथं, हालचाल टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असली तर झकास, ३० च्या वर गेली तर त्या मापावर पास-फेल ठरवायचंच नाही. बेल्टचा स्पीड आणि एक्स्पोजर (एका फोटोला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते) किती ते टाका बघू.

उद्यमबाग_मेंटेनन्स
बेल्ट मिनिटाला ३० मीटर, एक्स्पोजर २ मिलिसेकंद दिसालंय. लाईट म्हणजे शेडची ट्यूब आणि एक एलईडी पट्टी, बाजूला खिडकी.

खानापूर_ऑटोमेशन
मग बघा, ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिमी, २ मिलिसेकंदात डबा १ मिमी पुढं सरकला. फोटोतच लेबलची कड १ मिमी फासली जात्येय आणि तुम्ही अर्धा मिमी मोजायला बसलाय. एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंदवर आणा, फासणं ०.०५ मिमीवर येतंय. पण उजेड विसाव्या हिश्श्यावर येणार, म्हणून स्ट्रोब लाईट (फोटोच्या क्षणाला जोरात चमकणारा) पाहिजेच, झाकण चकाकतंय तर डोम लाईट (घुमटातनं सगळीकडनं मऊ उजेड टाकणारा) घ्या, आणि खिडकीचं ऊन अडवायला वरनं पत्र्याचा हूड करून टाका, आपल्याकडं फॅब्रिकेशनवाल्यांना काय तोटा. दुसरं, लेबलचं माप फोटोच्या कडेपासून घेतलंय का झाकणाच्या कडेपासून ते बघा. फोटोपासून असेल तर डबा बेल्टवर जरा फिरून आला तरी लेबल तिरकं दिसणार, त्यात लेबलचा काय दोष? तिरकेपणा अंशात मोजा, ८० मिमी लेबल १ अंश वळलं की टोकाला १.४ मिमी सरकतंय.

निपाणी_क्यूसी
हे सगळं करून परत तोच डबा सोडा, मग आकडा. आणि तिन्ही चेकना एकच माप लावू नका. लेबल हा दिसण्याचा विषय, तिथं काकतीवाल्यांचे २ मिमी चालतील पण कदाचित. झाकणाला ते चालणार नाही, खव्याचा माल हाय, फट राहिली की बुरशी. झाकणाची फट वरच्या कॅमेऱ्यातनं नीट कळत नाही, बाजूनं दुसरा लावा. तारखेला तर टॉलरन्सच नाही, ती कायद्यानं लागतेच, वाचता आली नाही की डबा बाहेर. मालकांना बसवून चांगले, वाईट आणि मधले असे डबे निवडून घ्या, मधल्यांवर त्यांच्याकडनं सही घ्या की हे चालतील, हे नाहीत. हद्द तिथनं काढायची, आणि कॅमेऱ्याची जेवढी हालचाल उरल तेवढी आतल्या बाजूला घ्यायची. सेटिंगला पासवर्ड टाका, नाहीतर रात्रपाळीत कोणीतरी ५ मिमी करून ठेवल. आणि रिजेक्टचा डबा परत बेल्टवर ठेवणं आजपासनं बंद, तो हातात घेऊन बघायचा.

उद्यमबाग_मेंटेनन्स
एक्स्पोजर कमी केलं तर फोटो पार काळा आला, स्ट्रोब मागवायला मालकांना सांगितलंय. माप झाकणाच्या कडेपासून घेतलं, तेवढ्यानंच रिजेक्ट बरेच कमी झालेत. वाईट डबे शिफ्टला रोज सोडून बघायचे काय?

निपाणी_क्यूसी
रोज, शिफ्ट सुरू होताना. तिरक्या लेबलचा एक, फट असलेला एक, तारीख नसलेला एक, तिन्ही बाहेर पडले तरच लाईन चालू. त्यांना लाल टेप मारा, नाहीतर मालाबरोबर गाडीत जातील, आणि आत कुंदा नको, तेवढ्याच वजनाची वाळू भरा, कुंदा दुपारपर्यंत राहायचा नाही.