मदत हवी आहे: एकाच घरात चार वयं, पोट, सांधे आणि पोषणाची तपासणी कशी करू? (मालवण तालुका)

सुरंगी:

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. सध्या आमचं कम्युनिटी पोस्टिंग मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात चालू आहे. फॅमिली केअर स्टडीसाठी मला एक घर मिळालंय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजी, सात महिन्यांची गरोदर सून, तिचा पावणेदोन वर्षांचा मुलगा आणि शाळेसाठी आजोळी राहिलेली बारा वर्षांची नात.

पोटाच्या तपासणीचा क्रम पाठ आहे: आधी बघायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं, शेवटी दाबायचं. कॉलेजात मॅनिकिनवर सगळं नीट जमतं. इथे बाळ स्टेथोस्कोप दिसला की रडायला लागतं. त्याचं पोट पुढे आलेलं दिसतं आणि शेजारच्या बायका जंत झालेत म्हणतात. सून उताणी झोपली की तिला घाम सुटतो. आजींना पोटात आग पडते, वायगोळा उठतो म्हणून त्या ओवा चावतात. कंबरेमुळे त्यांना सपाट झोपताच येत नाही.

आजींचे दोन्ही गुडघे दुखतात. माझ्याकडे गोनियोमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) नाही. त्या वाकल्यात, त्यामुळे उंचीही खरी येत नाही, मग बीएमआय काढू कशाच्या जोरावर?

सर्वांत अडलंय ते पोषणात. 24 तासांत काय खाल्लं विचारलं तर उत्तर येतं, "पेज, भात, कुळथाची पिठी, चाय." कागदावर प्रथिनं अगदीच कमी दिसतात. पण हे घर मासे खाणारं आहे!

आणि आजी अंगाला हात लावू देत नाहीत. "माका काय्यक होऊक नाय, त्या पोराक बघ आधी" एवढंच म्हणतात. कुठून सुरुवात करू? कुठल्या गोष्टीला थांबायचं नाही, लगेच पाठवायचं, तेही सांगा.

खाडीकाठ:

मी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले, रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी झाली. आजी म्हणतायत तसंच कर, पोरालाच आधी बघ. नातवाला तू कसा हात लावतेस ते बघूनच आजी ठरवतील.

त्याला आईच्या मांडीवरच राहू दे. शांत असेल किंवा झोपला असेल तेव्हा आधी ऐकून घे, क्रम नंतर. स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून गरम कर. तुझे हातही गरम हवेत, पावसात बाहेरून आलेले गार हात पोटाला लागले की पोट आपोआप आवळतं आणि तुला ते कडक वाटतं. गुडघे थोडे दुमडलेले असू देत. रडत असेल तर दोन रडण्यांच्या मध्ये तो श्वास घेतो, तेव्हा पोट सैल पडतं. त्या क्षणी बोटं आत जाऊ देत.

या वयात पोट पुढे असणं बहुधा नेहमीचंच असतं. पोटाचे स्नायू अजून घट्ट झालेले नसतात आणि पाठीला बाक असतो. लहान मुलं श्वासही पोटाने घेतात. उजव्या बरगडीखाली यकृताची कड एक-दोन सेंटिमीटर लागली तर घाबरू नकोस. पण पोट मोठं आणि दंड-मांड्या काटकुळ्या असं असेल तर जंत म्हणून सोडून देऊ नकोस. डाव्या दंडाचा घेर मोज: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, फीत आवळायची नाही. 12.5 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. 11.5 ते 12.5 च्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषण, 11.5 च्या खाली तीव्र. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धर आणि उचलल्यावर खळगा राहतो का बघ. दोन्ही पायांना खळगा राहिला तर दंडाचा आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी दाखवायचं. दोन वर्षं पूर्ण नाहीत म्हणून लांबी झोपवूनच मोज, उभं करून नाही.

पोट वाढलंय म्हणून कुणाच्या सांगण्यावरून जंताची गोळी द्यायची नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, 200 मिलिग्रॅम, तीही चुरून पाण्यात. मागच्या फेरीला दिली का ते अंगणवाडी ताईंच्या नोंदीत बघ.

मोठ्यांच्या पोटाचं: ऐकायला उजव्या खालच्या भागापासून सुरुवात कर. मिनिटाला 5 ते 30 आवाज नेहमीचे. आवाज नाहीत असं लिहायचं असेल तर पूर्ण पाच मिनिटं ऐकलेलं हवं, आणि त्यासाठी पंखा, टीव्ही बंद करायला सांग. आधी लघवीला जाऊन यायला सांग. दुखरी जागा सर्वांत शेवटी दाबायची, आणि दाबताना बोटांकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं.

आणि एक. आपल्याकडे बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतात. उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, उलट्या आहेत, अशा पोटाला कुणी चोळू नये हे त्या घरात नक्की सांग. अपेंडिक्स असेल तर जीवावर बेतू शकतं.

आबोली:

मी उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. सुरंगी, पोट, सांधे, पोषण हे तुझे तीन रकाने फॉर्ममध्ये वेगळे असतील, आजींच्या अंगात ते वेगळे नाहीत. सलग विचार. संडास कुठे आहे? रात्री किती वेळा उठतात? संध्याकाळनंतर पाणी पितात का? गुडघ्यासाठी कुठली गोळी घेतात, आणि ती उपाशीपोटी घेतात का? शौचाचा रंग कसा आहे? दात किती आहेत? हे विचार आणि परत इथे लिही.

सुरंगी:

आबोलीताई, आज विचारलं. सून पडवीत होती, आजी आणि मी माजघरात. संडास मागच्या दारी, चिऱ्याच्या पायऱ्या उतरून. पावसात त्यावर शेवाळ धरतं. आजी तिन्हीसांजेनंतर पाणीच पीत नाहीत, कारण अंधारात उतरायला नको. उकिडवं बसलं की उठता येत नाही म्हणून सकाळीही टाळतात, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. गोळ्यांचं विचारल्यावर आधी नाही म्हणाल्या. मग पानाचा डबा उघडला आणि चुन्याच्या डबीखालून अर्धी संपलेली पट्टी काढून माझ्या हातात दिली. डायक्लोफिनॅक. बाजारातून आणून देतात कुणीतरी. सकाळी काळा चहा आणि ती गोळी. दाढा एका बाजूला नाहीतच, म्हणून पेज.

शौच काळं होतं का, यावर "कधी कधी" म्हणाल्या.

आबोली:

उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. चकरा येतात का, दम लागतो का ते विचार. तसं काही असेल, किंवा शौच डांबरासारखं काळं-चिकट झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं तर उद्याची वाट बघू नकोस. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होते आणि थोडंथोडं रक्त जात राहतं. पट्टी सोबत घेऊन जा, डॉक्टरांना दाखव. गोळी बंद करण्याचा किंवा दुसरी देण्याचा निर्णय त्यांचा. हिमोग्लोबिन करून घ्या. 12 च्या खाली असेल तर बाईमाणसात पंडुरोग धरतात, गरोदरपणात 11 च्या खाली.

म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर फार विसंबू नकोस. आत मोठं बिघडलेलं असतानाही पोट कडक लागत नाही, तापही येत नाही, नुसती जेवणावरची वासना उडते किंवा माणूस गप्प होतं. तुझ्या फॉर्मवर "पोट मऊ" लिहिलं म्हणजे सगळं ठीक असं होत नाही.

सुनेला उताणी झोपवू नकोस. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि रक्तदाब उतरतो, घाम त्यामुळेच. पाठीखाली उजव्या बाजूला गोधडीची वळकटी घालून डावीकडे कलती ठेव. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, त्यामुळे आजी आणि सून दोघींचं उत्तर एकाच मापाने घेऊ नकोस. गोळी चहासोबत घेत असेल तर चहा तास-दोन तास लांब ठेवायला सांग. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो.

कातळ:

फिजिओथेरपी करतो, सावंतवाडीकडे. गोनियोमीटर नसला तरी अडत नाही. आधी आजींना स्वतः गुडघा वाकवू दे, सरळ करू दे, मग तू हाताने आधार देऊन बघ. ओढायचं नाही. दुखलं की थांब. दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघ: सूज, लाली, ऊब. ऊब तळहाताने नाही, हाताच्या मागच्या बाजूने चांगली कळते. वाटीवर हात ठेवून कुरकुर लागते का बघ. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते विचार. अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झिजेचा, तासभर टिकून बोटांचे सांधेही सुजत असतील तर वेगळा विचार लागतो. गुडघा दुखतो म्हणतात तेव्हा खुबाही फिरवून बघ, खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला सांग आणि घड्याळ लाव. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. शेवाळलेल्या पायऱ्यांच्या घरात हा आकडा महत्त्वाचा आहे. कठडा, दिवा, कमोडची खुर्ची, हे तुझ्या रिपोर्टात उपचार म्हणून लिही.

नातीला विसरू नकोस. या वयात पाठीचा कणा बघायचा. तिला पाय जुळवून पुढे वाकायला सांग आणि मागून बघ, एका बाजूची बरगडी वर उचललेली दिसते का. मुलीची तपासणी आहे, आई किंवा आजी सोबत हवी आणि दार लोटलेलं हवं.

सध्या लावणी चालू आहे म्हणून एक सांगतो: ताप आणि पोटऱ्या दाबल्यावर जीव कळवळतो असं असेल तर ते कष्टाचं दुखणं समजायचं नाही. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) त्याच दिवशी दाखवायचं.

नाचणी:

मी आहारतज्ज्ञ. तुझी नोंद जुलैतली आहे ना? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. ताजी मासळी नाही, खायचं ते सुकट, सुका बांगडा, तेही कालवणापुरतं. एका दिवसाच्या जबानीवर वर्षाचा निष्कर्ष काढू नकोस. 24 तासांच्या जोडीला "नारळी पौर्णिमेनंतर आठवड्यातून किती वेळा मासे?" असा प्रश्न ठेव. सुकटीचं विचारताना मिठाचंही विचार, आजींचा रक्तदाब बघून घे.

"काय खाल्लं" विचारलं की लोक ताटातलं मुख्य तेवढं सांगतात. उठल्यापासून चालत ये: चहासोबत काय, मग पेजेसोबत काय, दुपारी कुणी वाढलं, शेवटी कोण जेवलं, उरलं का. माप त्यांच्या घरातल्या वाटीने आणि पळीने घे. वाटी पाण्याने भरून एकदा मोजून ठेव. आणि आमटीतली डाळ कोणाच्या ताटात गेली, वरचं पाणी कोणाच्या, हेही विचार. सुनेच्या दंडाचा घेर घे, 23 सेंटिमीटरच्या खाली असेल तर नोंद करून डॉक्टरांना सांग. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा बीएमआय लावू नकोस, वयानुसारचा तक्ता वापर.

आजींची उंची सोड. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोज. 31 सेंटिमीटरच्या आत असेल तर स्नायू घटलेत. ब्लाऊज सैल झाले का, बांगड्या गळतात का ते विचार. वजनकाट्याची जुनी नोंद नसेल तेव्हा हेच उपयोगी पडतं. सहा महिन्यांत न ठरवता वजनाचा दहावा भाग कमी झाला असेल तर ते गंभीर धर.

सुरंगी:

आजींना नेलं. हिमोग्लोबिन 8.4 आलं. डॉक्टरांनी गोळी थांबवली, पुढच्या तपासण्यांसाठी जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी दिली. बाळाचा दंड 13.1, पावलांवर खळगा नाही.

एक विचारायचं राहिलं: पेज सोडायला त्या तयार नाहीत आणि चावता येत नाही. तिच्यातच काय घालता येईल?

नाचणी:

सोडायला सांगूच नकोस. पेजेत नाचणीचं सत्त्व, किंवा तांदळासोबत मुगाची डाळ मऊ शिजवून घोटलेली. कुळथाची पिठी आहेच, ती दोन्ही वेळा थोडी दाट करून. अंडं खात असतील तर मऊ उकडून, कुस्करून. मासळी आली की बांगड्याचा काटा काढून भातात. मात्र जिल्हा रुग्णालयातून परत येईपर्यंत तिखट आणि काळा चहा उपाशीपोटी नको. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत थोडंथोडं वाढवा, म्हणजे रात्री उतरावं लागणार नाही.