एका मशीनचं झिंक पार खल्लास, दुसऱ्याचं नवं कोरं, असं का?

संगमावरचा
नमस्कार मंडळी. देवबागला माझी २६ फुटी फायबरची बोट आहे, पर्यटकांना संगम, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन असं फिरवायचं काम. मागे दोन ओबीएम (आउटबोर्ड, बोटीच्या मागे बाहेरून टांगतात ती मशीन), दोन्ही ४० एचपी टू-स्ट्रोक, एकदमच घेतलेली. गेल्या ऑगस्टमध्ये बोट रंगाला काढली तेव्हा दोन्ही मशीनना नवीन झिंक लावली (मशीनऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे), म्हणजे पंख्याच्या वर शेपटीसारखा तुकडा असतो तो, आणि मशीन बोटीला धरणाऱ्या ब्रॅकेटखालची पट्टी. आता मे अखेरीला बोट वर घेतली, झापं टाकून शाकारली आणि मशीन धुवायला बसलो तर डावीकडच्या मशीनचं झिंक चघळून टाकलेल्या उसाच्या चोयट्यासारखं, बोटाने दाबलं तर कपचे पडतायत. उजवीकडचं जसंच्या तसं, त्यावरचा ओतीव नंबरसुद्धा वाचता येतो. म्हटलं चला हे मशीन तरी ठणठणीत आहे, पण गंमत म्हणजे रंग फुगलाय तो ह्याच उजव्या मशीनच्या गिअरकेसचा (पंखा बसतो तो खालचा भाग), नखाने फुगा उचलला तर खाली पांढरी पावडर आणि तांदळाएवढे खड्डे.

डाव्या मशीनला कुठून करंट लागतोय का? आणि दुसरं, दुकानात झिंकचा एकच तुकडा शिल्लक होता, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. दुकानदार म्हणाला एक हे लाव एक ते लाव, काही होत नाही. लावू का?

किनारा_९९
करंटच आहे. बिल्जमधल्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथल्या) पंपाची वायर बघा, सांधा पाण्यात पडला असेल. माझ्या ओळखीत एकाचं असंच झालेलं.

मालवणी_झील
गाववाल्यानू, पेंटरान झिंकार रंग मारूक नाय मा? माझ्या होडयेक तसाच झालेला. उजव्या मशीनचा झिंक सुरयेन खरवडून बघा आधी, मगे वायरी शोधा.

गंजलेला_बोल्ट
झील बरोबर लाईनवर आहे असं वाटतं. पंपाबद्दल थोडं वेगळं मत आहे. पंपाच्या वायरमधून प्लस बिल्जच्या पाण्यात गळायला लागला तर तो करंट बिल्जमधल्या एखाद्या धातूच्या फिटिंगमधून समुद्रात उतरतो आणि मशीनच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येतो. धातू खाल्ला जातो तो करंट जिथून पाण्यात बाहेर पडतो तिथे, म्हणजे तुमचा पितळी ड्रेन प्लग (तळातलं पाणी सोडायचं बूच) आधी गुलाबी होऊन भुसभुशीत झाला असता. मशीनवर करंट आत येतोय, तिथलं झिंक त्याने लवकर जाणार नाही. प्लग बघा, चांगला असेल तर पंपाला दोष देऊ नका (सांधा मात्र वर घ्या, ते कधीही चांगलं).

आता माझा अंदाज. दोन बॅटऱ्या आहेत ना? त्यांचे मायनस एकमेकांना जोडलेले आहेत का? बहुतेक असतातच. बॅटरी स्विच फक्त प्लस तोडतो, मायनस कायम जोडलेलाच राहतो, म्हणजे स्विच बंद करून घरी गेलात तरी विजेच्या हिशोबाने तुमची दोन्ही मशीन एकच आहेत. उजव्याचं झिंक रंगाखाली झोपलेलं, मग डाव्याचं झिंक एकटं दोन गिअरकेस आणि दोन पंखे सांभाळत बसलं. पंखे स्टीलचे असतील तर विचारूच नका, स्टेनलेस आणि मिठाचं पाणी म्हटल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरकेसवर ताण वाढतोच. डाव्याचं संपलं की मग दोघांनाही कोणी वाली नाही, आणि उजवं मशीन झिंकपासून लांब, मधे वायरीचे गंजके सांधे, त्यामुळे फुगे तिथे आधी आले. झिंक नवंच्या नवं राहिलं म्हणजे ते कामच करत नव्हतं. झिजणं हेच त्याचं काम.

संगमावरचा
पंखे स्टीलचेच आहेत, हल्लीच बदलले, वाळूत अ‍ॅल्युमिनियमचे टिकत नव्हते. मायनस एका पट्टीवर एकत्र आहेत, बरोबर ओळखलंत. ड्रेन प्लग चांगला पिवळाधमक आहे. उद्या खरवडून बघतो.

अजून एक. पुढच्या वेळी सरळ डबल झिंक लावली तर? स्वस्त आहे मशीनपेक्षा.

तांडेल_काका
डबल कशाला रे. मी ३० वर्षं लाँचवर होतो, आमच्या वेळी लोखंडाच्या जहाजाला झिंक मोजून लावायचे. ह्या अ‍ॅल्युमिनियमच्या मशीनला गरजेपेक्षा फार जास्त ताकद दिली तर रंगाखाली खारट-तुरट अल्कली तयार होते आणि तीच अ‍ॅल्युमिनियम खाते, परत रंग फुगतो. तुझं मशीन ज्या मापाचं झिंक मागतं तेवढंच लाव आणि अर्धं झिजलं की बदल, पूर्ण संपायची वाट बघू नकोस. आणि मॅग्नेशियमचं कोणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस, ते गोड्या पाण्यासाठी असतं, खाऱ्यात बघता बघता विरघळेल आणि जाता जाता रंगही घालवेल.

गंजलेला_बोल्ट
काकांना दुजोरा. ही जास्तीची हौस जुनीच आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला असेच बळीचे तुकडे लावून दाखवले, तांबं झिजायचं थांबलं खरं, पण तांबं विरघळत होतं म्हणूनच शिंपले बसत नव्हते, ते थांबल्यावर जहाजाच्या पोटाला शेवाळ-शिंपल्यांची गोधडी. नौदलाने नको म्हटलं. असो.

झिंक की अ‍ॅल्युमिनियम ह्याचं उत्तर: तुमच्या जागी मी दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमच लावेन. तुमची बोट रात्री खाडीत उभी असते, कर्ली नदीचं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात किती गोडं असतं तुम्हाला माहीतच आहे. गोड्या पाण्यात झिंकवर कडक साय धरते आणि नंतर खाऱ्यात गेलं तरी ते नीट जागं होत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण (साधं भांड्याचं अ‍ॅल्युमिनियम नव्हे, त्यात जस्त आणि किंचित इंडियम असतं) खाऱ्यात आणि निमखाऱ्यात दोन्हीकडे चालतं. हातात हलकं लागतं म्हणून लोकांना नकली वाटतं, पण किलोमागे झिंक साधारण ७८० अँपियर-तास देतं आणि हे २५०० च्या आसपास.

एक हे एक ते मात्र अजिबात नको. तुमची मशीन जोडलेली आहेत, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा झिंकला सुद्धा वाचवत बसेल आणि आधी संपेल, पुढच्या मे मध्ये तुम्ही हाच धागा परत काढाल. दुकानदाराला तुकडा परत द्या. आणि गावच्या ओतकामवाल्याकडून भंगार जस्ताचं ओतून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा, चांगल्या झिंकमध्ये लोखंड ०.००५ टक्क्यांच्या वर चालत नाही, त्याहून जास्त झालं की ते बधिर होतं.

ऑकलंडवासी
मी मूळचा वेंगुर्ल्याचा, इथे ऑकलंडला माझी छोटी बोट मरिनात असते. तुमच्याकडे जेट्टीवरून लाईट घेऊन चार्जर लावून ठेवत असाल तर अर्थच्या वायरीतून शेजारच्या बोटी पण तुमच्या झिंकवर जगतात. इथे त्यासाठी गॅल्व्हानिक आयसोलेटर बसवतात, अर्थच्या वायरीतला हा बारीक करंट अडवणारा. माझं झिंक दोन महिन्यात उडालं तेव्हा कळलं. बॅटरी घरी नेऊन चार्ज करत असाल तर विसरा.

संगमावरचा
बॅटरी डोक्यावर घरी 😄

झील, तुका नमस्कार. सुरीने खरवडलं तर वरून करड्या रंगाचा थर निघाला, खाली झिंक चकचकीत. पेंटरने गिअरकेसला स्प्रे मारताना त्याच्यावरूनच मारला. आणि खोललं तर बसायच्या जागेवर पण प्रायमर, म्हणजे मागून पण टच नाही, बोल्टला आधीच्या वेळी मीच पांढरं सिलिकॉन भरलेलं. म्हणजे अर्धा पेंटर मीच. मीटर लावला तर झिंक आणि पंख्याचा दांडा ह्यांच्यात काहीच नाही, ओपन. डाव्याला ०.४ ओहम, त्यातले ०.२ मीटरच्या वायरींचेच.

आता नवीन लावताना नीट सांगा एकदाच. उजव्याचा बोल्ट निघाला, डाव्याच्या ब्रॅकेटच्या पट्टीचा एक डोक्यातून तुटला.

तांडेल_काका
बसायची जागा पॉलिश पेपरने घास, पांढरी चमकली पाहिजे, लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियमात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. तुकडा आणि मशीन ह्यांच्यात काही लावायचं नाही, ग्रीस नाही, सिलिकॉन नाही, सुकं. ग्रीस फक्त बोल्टच्या आट्यांना, पाण्यात टिकणारं, नाहीतर स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमात जाम होतो, तुझा तुटला तो त्यामुळेच. हाताने आवळ, लांब पाना लावून जोर काढू नकोस, आटे जातील. मग परत मीटर लाव, एक ओहमच्या आत आला पाहिजे. ब्रॅकेट आणि मधल्या भागाला जोडणारी बारीक वायर असते तीही बघ, लोक खोलताना ती तोडून फेकतात.

तुटलेल्याला गंजाचं तेल सोड, दोन दिवस ठेव, मग थोडा गरम कर. डोक्याचा तुकडा वर असेल तर पकडीने फिरतो. नाहीच आला तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिल, पण ते तू नको करू, ड्रिल सरकलं की ब्रॅकेटच गेलं. मिस्त्रीला दे.

गंजलेला_बोल्ट
दोन गोष्टी राहिल्या. खड्डे पडलेत तिथे पावडर पूर्ण काढून अ‍ॅल्युमिनियमचा प्रायमर लावूनच रंग द्या, आणि शिंपले बसू नयेत म्हणून तळाला लावतात तो तांबं मिसळलेला रंग मशीनला लागू देऊ नका, ब्रॅकेटभोवती दोन बोटं जागा सोडा. दुसरं, काही मशीनना ब्लॉकच्या आत, पाणी फिरतं तिथे छोट्या झाकणामागे अजून एखादं झिंक असतं, ते कोणालाच आठवत नाही. तुमच्या मॉडेलच्या पार्टच्या पुस्तकात बघा.

आणि मशीन कायम वर उचलून ठेवत असाल तर पंख्यावरचा तुकडा हवेत असतो, तेवढा वेळ तो काही करत नाही. ब्रॅकेटची पट्टी पाण्यात असते, म्हणून ती आधी जाते, तिच्यावर लक्ष ठेवा.

संगमावरचा
वर उचलूनच ठेवतो, ओहोटीला वाळूला लागतं.

एक घोळ झालाय. पंख्यावरचा तुकडा काढताना त्याची खूण केली नव्हती, तो थोडा तिरका बसवलेला होता एवढं आठवतंय. आता सरळ लावला तर स्टिअरिंग ओढेल?

तांडेल_काका
सरळ लावून सोड. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात गेलास की गावाबाहेर मोकळ्या पाण्यात नेहमीच्या स्पीडला बघ. उजवीकडे ओढत असेल तर तुकड्याचं मागचं टोक उजवीकडेच थोडंसं फिरव, डावीकडे ओढलं तर डावीकडे. दोन्ही मशीनचं सारखंच फिरवायचं. आणि ह्या वेळी खूण कर, मार्करने नको, टोकाने ओरखडा मार.