मदत हवी आहे: टोमॅटोच्या फांद्या कुठून छाटू? (तातडीचं)

गॅलरीवाली: झाड चार फूट झालंय. नुसता पाला, फुलं येतात नि गळतात. फांद्या छाटल्या की फळ धरतं म्हणे. कात्री हातात आहे, पटकन सांगा.

कुंडीबाज: थांबा! वाण कोणता? कुंडी केवढी? ऊन किती?

गॅलरीवाली: भाजीतल्या टोमॅटोच्या बिया टाकल्या होत्या, वाण काय माहीत. १२ इंची कुंडी. बोरिवली, ऊन साडेदहापर्यंत. कापू कुठे?

कुंडीबाज: आधी शेंडा बघा. टोकाला फुलांचा घोस येऊन वाढ थांबली असेल तर झाड ठेंगण्या जातीचं, हात लावू नका. त्याची बरीच फळं बगलफुटींवर, म्हणजे पान-खोडाच्या बेचक्यातून येणाऱ्या फांद्यांवर धरतात. शेंडा वर चाललाय आणि साधारण तीन पानांआड घोस येतोय, तर पुसा रुबी या वाणासारखं उंच वाढणारं. त्याची बगलफूट दोन-तीन इंचांची असतानाच मोडा. सकाळी, म्हणजे जखम दिवसा सुकते. पहिल्या घोसाखालची एक फूट राखा, ते दुसरं खोड.

मातीखाऊ: १२ इंची कुंडीत दोन खोडं? एकच ठेवा.

कुंडीबाज: एका खोडावर फळं मोठी नि लवकर, पण मोजून कमी. शिवाय पाला विरळ झाला की फळांवर उन्हाचे पांढरे चट्टे.

मातीखाऊ: साडेदहानंतर ऊनच नाही, चट्टे कसले!

सारभात: फळाच्या बुडाला काळा डाग पडत असेल तर पाणी रोज सारखं घाला. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं नको.

गॅलरीवाली: फळच नाहीये हो, डाग कुठला?

पानवेल: छाटून फुलगळ थांबणार नाही. रात्र २४ अंशांखाली उतरली नाही की फळधारणा कमी होते, आणि दमट हवेत पराग चिकटून बसतो. सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला टिचक्या मारा. खत काय घालता?

गॅलरीवाली: दर रविवारी चमचाभर युरिया. तो चालतो ना?

पानवेल: हे आधी सांगायचं! नत्राने पालाच माजतो. युरिया बंद.

मातीखाऊ: आणि कात्री ठेवा. रोगट झाडाचा रस पात्याला लागून विषाणू पसरतो. बोटांनी मोडा, तंबाखू मळलेल्या हातांनी मात्र नको.

कुंडीबाज: पातं पुसून घेतलं तर कात्रीही चालते. जाड फूट बोटांनी ओढली की खोडाची साल सोलते.

गॅलरीवाली: बोटांनीच मोडली. पण शेंडाही गेला. आता?

कुंडीबाज: सगळ्यात वरची बगलफूट राखा, तीच शेंडा होईल. मोडलेला शेंडा पाच-सहा इंची असेल तर खालची पानं काढून ओल्या मातीत, सावलीत खोचा. मुळं धरतात.